नापास पाठ

त्या ऑक्टोबरात मी सोलापूरला आले ती नापास होऊन, आणि हे माहेरी कुणालाच माहीत नव्हतं.

स्टेशनवर घ्यायला अब्बा आले होते. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी रिक्षावाल्याला सांगून टाकलं, "आमची मुलगी. जर्मनीला शिक्षिका हाय."

"व्हय? तितल्या पोरास्नी शिकवती व्हय?" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "काय शिकवती?"

"गणित," अब्बा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर तेच शिकवलं होतं. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा सावकाश होतो. मी ओढणी सारखी केली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

मी तेव्हा शिक्षिका नव्हते. शिक्षिका होण्यासाठी शिकत होते, आणि त्यातही अडकले होते. लग्नाआधी सोलापुरात माझं एम.एस्सी. झालं होतं, बी.एड. झालं होतं, एका शाळेत मी थोडे दिवस नोकरीही केली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीला गेले तेव्हा वाटलं होतं, भाषा शिकली की झालं. पण तिकडं माध्यमिक शाळेत शिकवायचं तर दोन विषय लागतात. माझ्याकडे एकच होता. म्हणून मी पुन्हा विद्यापीठात जाऊन बसले, माझ्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी, आणि पदार्थविज्ञान पहिल्यापासून शिकले. पदवी मिळाली तरी माणूस तिकडं शिक्षक होत नाही. त्यानंतर एखाद्या शाळेत उमेदवारी करावी लागते. आपण शिकवायचं, आणि मधून मधून मार्गदर्शक येऊन मागच्या बाकावर बसणार, लिहून घेणार. सगळ्यात शेवटी परीक्षेचा पाठ. खरा वर्ग, खरी मुलं, मागे परीक्षक. आपल्याकडे बी.एड.ला शेवटचा पाठ असतो तसाच, पण आपल्याकडे त्या पाठात कुणी नापास झालेलं मी ऐकलेलं नाही. तिकडं होतात. एकदा नापास झालं तर आणखी एक संधी मिळते. दुसऱ्यांदा झालं तर तो दरवाजा कायमचा बंद.

मी पहिल्या संधीला नापास झाले होते.

माझा पाठ आठवीच्या वर्गावर होता, विषय संभाव्यता. दोन फासे एकत्र टाकायचे, बेरीज करायची, आणि कोणती बेरीज जास्त वेळा येईल ते आधीच ओळखायचं. मुलांना पैज लावायला आवडते, म्हणून मी तो खेळ निवडला होता. टाचण मी अनेक आठवडे लिहिलं होतं. कोणत्या मिनिटाला काय विचारायचं, मुलं काय म्हणतील, मग मी काय म्हणेन, सगळं त्यात होतं. मी विचारलं, "अकरा जास्त वेळा येईल की बारा?" खिडकीजवळच्या एका मुलानं हात वर केला. हा मुलगा एरवी गप्प असायचा. तो म्हणाला, "दोन्ही सारखंच. बारासाठी सहा आणि सहा, अकरासाठी पाच आणि सहा. एकेकच जोडी आहे."

माझ्या टाचणात हे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "दुसरं कोणी सांगेल?"

पुढच्या बाकावरच्या मुलीनं बरोबर उत्तर दिलं, मी फळ्यावर लिहिलं, तास वेळेवर संपला. मला वाटलं, छान झालं.

नंतर एका छोट्या खोलीत परीक्षकांनी मला बसवलं. त्यांच्यातल्या ज्या बाई माझ्या मार्गदर्शक होत्या त्यांनी पाणी दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "गणित बरोबर होतं. भाषाही चांगली. पण त्या मुलाचं उत्तर चुकलं तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला, तुम्हाला माहीत आहे का?"

मी नाही म्हटलं.

"अंगावर काहीतरी सांडल्यासारखा. तुम्ही रागावला नाहीत, वाईट बोलला नाहीत. नुसती नजर काढून घेतलीत. तो मुलगा मग शेवटपर्यंत बाकाकडेच बघत होता. खरं तर तुमचा सगळा पाठ त्याच्या उत्तरात होता. आणि हे आज पहिल्यांदा झालेलं नाही, मी आधीही सांगितलं आहे."

त्यांनी आधी सांगितलं होतं. मला ते भाषेबद्दलचं काहीतरी वाटलं होतं.

मला 'पाच' मिळाले. तिकडं 'एक' सगळ्यात चांगला, 'सहा' सगळ्यात वाईट. पाच म्हणजे नापास. घरी येताना मी ट्राममध्ये उभी राहिले, जागा असूनही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, सुट्टी आहे, सोलापूरला जाऊन ये. अम्मी-अब्बांना सांगू नकोस असं काही तो म्हणाला नाही. ते माझं मीच ठरवलं.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या मोहल्ल्यातले बहुतेक लोक धंद्यात किंवा वाहतुकीत. माझे आजोबा ट्रक चालवायचे. अब्बा शिकून मराठी शाळेत गणिताचे सर झाले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण गणित मात्र अब्बांनी कायम मराठीतच शिकवलं. मीही त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होते. वर्गात त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी आल्यावर 'अब्बा', हे मला कधी अवघड गेलं नाही. त्यांच्या वर्गात माझं एकही उत्तर चुकलं नाही, असं ते अजून लोकांना सांगतात. ते खरं आहे. खात्री असल्याशिवाय मी हातच वर करत नव्हते.

आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी अब्बांचा चष्मा करायला आम्ही नवी पेठेत गेलो. दुकानदार अब्बांचा जुना विद्यार्थी निघाला. केस पिकायला लागलेला, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्यानं काउंटरच्या बाहेर येऊन अब्बांच्या पायाला हात लावला, चहा मागवला.

"ही माझी मुलगी," अब्बा म्हणाले. "जर्मनीत गणित शिकवते."

"सरांची पोरगी म्हटल्यावर गणितच की!" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमचे वडील लई चांगलं शिकवायचे. कधी हात उचलला न्हाई कुणावर. पण आमी त्यांना जेवढं भ्यायचो तेवढं मारकुट्या मास्तरांना भ्यायचो न्हाई."

"का बरं?" मी विचारलं.

"अवो, त्यांचं तोंड! उत्तर चुकलं की असं करायचे." आणि त्यानं करून दाखवलं. ओठ किंचित आत ओढले, डोळे अर्धवट मिटले, मान एका बाजूला वळवली, जणू समोर काहीतरी सांडलं होतं. मग अब्बांच्या आवाजात म्हणाला, "दुसरं कोण?"

दुकानातला पोऱ्या हसला. अब्बाही हसले, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बरोबर पकडलंस," ते म्हणाले.

"मी तर त्यानंतर गणिताच्या तासाला हातच वर केला न्हाई," तोही हसत म्हणाला. "म्हणून तर काचा घासतोय." आणि त्यानं अब्बांच्या नाकावर नव्या काडीची फ्रेम ठेवली, डोकं मागे घेऊन नीट बसली का ते बघितलं.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. परदेशातल्या त्या बाईंनी जे सांगितलं होतं, तेच हा माणूस मला नवी पेठेत करून दाखवत होता. फक्त तो माझी नक्कल करत नव्हता. मला एवढी लाज वाटली की अब्बांकडे बघवेना. माझीच लाज होती का त्यांच्या वतीनं वाटत होती, तेव्हा कळलं नाही. आजही नीट सांगता येत नाही.

घरी आल्यावर दुपारी जेवण झालं आणि मी बोलून गेले. अब्बा पलंगावर पेपर घेऊन बसले होते. मी दखनीत म्हटलं, "अब्बा, मैं फेल हुई."

त्यांनी पेपर खाली केला. "कायमें?"

"आखरी पाठमें. पाच मिले."

"पाच?" त्यांनी थोडा विचार केला. "कित्ते में से?"

त्या प्रश्नात जी आशा होती तिनंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगितलं की तिकडं उलटं असतं. एक सगळ्यात वर. त्यांनी पेपरची घडी घातली. मग शिक्षकाच्या आवाजात, मराठीत म्हणाले, "कुठला पाठ होता?"

"संभाव्यता."

"घे."

"काय घे?"

"पाठ घे. मी वर्गात बसतो. बघू दे कुठं चुकतंय. तुझ्या आईलाही बोलाव, पोरं कमी पडतील."

का नापास झाले ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते विचारतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या मते पाठ नापास होण्याचं कारण गणितातच असणार होतं.

फासे घरात नव्हते. शेजारच्यांचा ल्युडो आणला. अम्मी हात पुसत आली आणि फासे बघून दारातच थांबली. "ये क्या? घर में फासे? वहाँ पोरांना जुगार सिकातीस क्या?"

"गणित हाय ते, बस," अब्बा म्हणाले.

अम्मी बसली, पलंगाच्या कडेला, मुलांसारखी पाय हलवत. मी कपाटाच्या दाराशी उभी राहिले. एक फासा लाल होता, एक पांढरा. पहिल्यांदा मला हसू येत होतं, पण सुरुवात केल्यावर मी खरंच शिकवायला लागले. अम्मीला म्हटलं, दोन फाशांची बेरीज किती येईल, तुझा आकडा सांग. तिनं बारा सांगितले, "सबसे बडा." फासे टाकले, बारा काही येईना. अम्मी चिडली, पुन्हा टाक म्हणाली. तिला मजा यायला लागली होती.

मग मी तोच प्रश्न विचारला. "अकरा जास्त वेळा येईल की बारा?"

अब्बांनी हात वर केला. खरोखर, कोपर सरळ करून, वर्गात करतात तसा. "दोन्ही सारखेच," ते म्हणाले. "बारा म्हणजे सहा-सहा. अकरा म्हणजे पाच-सहा. एकेकच जोडी."

मला वाटलं, ते मुद्दाम चुकलेत, चुकणारं पोर झालेत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मुद्दाम चुकले नव्हते. त्यांना खात्री होती. संभाव्यता त्यांनी दहावीला वर्षाच्या शेवटी घाईघाईत उरकली असेल तेवढीच. माझ्या वडिलांचं गणितातलं उत्तर मी जन्मात पहिल्यांदा चुकलेलं ऐकत होते.

मी काही बोलायच्या आधीच अम्मी हसली. "हाय अल्ला, तेरा मूँ देख! अगदी यांच्यासारखं केलं तोंड!" तिनं अब्बांना कोपरानं ढोसलं. "देखे क्या? बिलकुल तुमारा मूँ है."

मला तेव्हा थांबता आलं असतं. विचारता आलं असतं, कसं काढलंत उत्तर. मार्गदर्शक बाईंनी नेमकं तेच शिकवलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "दुसरं कोणी?" आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. फक्त अम्मी होती.

अब्बांचा वर केलेला हात सावकाश खाली आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी दोन्ही फासे उचलले, तळहातावर ठेवले, बोटानं फिरवले. "लाल पाच, पांढरा सहा," ते पुटपुटले. "लाल सहा, पांढरा पाच." थोडं थांबून म्हणाले, "दोन आहेत. अकराला दोन आहेत."

"हो," मी म्हटलं. "अब्बा, सगळ्यांनाच तसं वाटतं. तिकडच्या मुलालाही—"

"त्यालाही हेच तोंड केलंस?"

मी ल्युडोचा पट मिटू लागले.

"त्यात नापास केलं व्हय त्यांनी तुला?"

मी मान डोलावली. ते उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. अम्मीला काय झालं ते कळलं नाही, पण झालं ते माझ्यामुळे झालं एवढं कळलं. ती म्हणाली, "बापकू फेल की क्या तू?" आणि ल्युडो परत करायला शेजारी निघून गेली.

खरं सांगायचं तर दुकानातून परत येताना माझ्या मनात एक गोष्ट आली होती. हे माझं नाही, मला कुणाकडून तरी आलंय, आणि तसं असेल तर दोष निम्माच माझा. ते अब्बांना कळावं असं मला आतून वाटत होतं. पाठ घ्यायला मी एवढ्या पटकन तयार झाले त्यात ते होतं. आणि ते त्यांना कळलं, माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं कळलं, तेव्हा माझं ओझं जराही हलकं झालं नाही. त्यांच्या खांद्यावर मात्र ते चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अब्बा वर आले. कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून म्हणाले, "रात्रभर आठवत होतो. कुणाचं काय चुकलं, मी तेव्हा काय म्हणालो. मला एकही पोर आठवत नाही. बरोबर उत्तर देणारी सगळी आठवतात, नावानिशी. चुकलेलं एकही नाही." त्यांनी एक चिमटा उचलून माझ्या हातात दिला. "त्यांना मात्र माझं तोंड आठवतं."

"अब्बा, तुम्ही चांगले शिक्षक होता. त्या चष्मेवाल्यानं सांगितलंच की."

"तो काय म्हणाला ते तू नीट ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "त्यानंतर हातच वर केला नाही म्हणाला. आणि मी हसत होतो."

मला त्यांचं सांत्वन करता आलं नाही. काही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि त्यांनी ते पकडलंही असतं. मी कपडे वाळत घालत राहिले. जायच्या दिवसापर्यंत आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. स्टेशनवर सोडायला आले तेव्हाच्या रिक्षावाल्यालाही त्यांनी काही सांगितलं नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच पुन्हा लाज वाटली.

दुसरा पाठ हिवाळ्यात झाला. विषय शेकडेवारीचा होता. आधीचे कितीतरी दिवस मी शाळेच्या स्वच्छतागृहातल्या आरशासमोर उभी राहून तोंड सांभाळायची तालीम केली. एकदा साफसफाई करणारी बाई आत आली आणि मी चेहऱ्याला पाणी लावल्याचं नाटक केलं. पाठात एका मुलीनं चुकीचं उत्तर दिलं, मी तिला म्हटलं, "कसं काढलंस ते सांग ना." ती बोलू लागली, अडखळली, शेजारची तिच्या मदतीला आली, दोघींचं भांडण लागलं, आणि त्या भांडणातून वर्गाला ते गणित कळलं. मी जवळजवळ काहीच केलं नाही. मला 'तीन' मिळाले, म्हणजे बरा निकाल. मार्गदर्शक बाईंनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. म्हणाल्या, "अजून तुम्ही आधी एक श्वास रोखता. मुलांना तो ऐकू येतो. पण सुटेल."

तो अजून सुटलेला नाही. मला नोकरी लागली आहे, पाचवी ते दहावी शिकवते, पालक भेटतात, मुलं नमस्कार करतात. आणि आठवड्यातून एखाद्या तरी वेळी, कुणाचं तरी उत्तर चुकल्यावर, समोरचा चेहरा मिटताना दिसतो तेव्हा मला कळतं की माझं तोंड पुन्हा तसं झालं. मग मी उरलेल्या तासात त्या मुलाकडे तीनदा जाते, उगाच विचारपूस करते. त्यालाही ते कळत असणार.

पास झाल्याचं फोनवर कळवलं तेव्हा अम्मीनं मोहल्ल्यात पेढे वाटले. अब्बांनी एवढंच विचारलं, "पोरं बोलली का?" मी म्हटलं, बोलली.

परवा अम्मीनं फोनवर तक्रार केली. अब्बा भाजी आणायला जातात आणि दोन-दोन तास येत नाहीत. रस्त्यात कुणी जुना विद्यार्थी दिसला की त्याला थांबवतात. पूर्वी मुलं येऊन त्यांच्या पाया पडायची, आता हे स्वतःच जाऊन त्यांना गाठतात आणि विचारतात, "माझ्या तासाला तुझं कधी काय चुकलं होतं का रे?" एस.टी. स्टँडवर करमाळ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका पोट सुटलेल्या माणसाला त्यांनी असंच विचारलं. तो घाबरून म्हणाला, "न्हाई सर, माझं काय बी चुकलं न्हाई," आणि गाडी लागलेली नसताना उठून गेला. अम्मी हे सांगताना हसत होती. मीही हसले. मग मी म्हटलं, अब्बांना फोन दे.

"अब्बा, असं लोकांना विचारू नका. त्यांना कसंतरी वाटत असेल. लाज वाटत असेल."

"उनकू कायकी लाज?" ते म्हणाले. "लाज मेरेकू है."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, अम्मी काहीतरी ओरडली. मग त्यांनी मराठीत विचारलं, "उद्या कुठला वर्ग आहे तुला?"

"सातवी. अपूर्णांक."

"भागाकार?"

"हो, भागाकार."

"तिथं पोरं अडतात," अब्बा म्हणाले. "कुठं अडतात ते सांगतो, लिहून घे."

मी पेन शोधलं आणि ते सांगतील तसं लिहून घेऊ लागले.